तबकडी दिसेनाशी होईपर्यंत

पहिला दिवस : मोनाको

बोटीवर सामान टाकायच्या आधी मी इथलं सागरविज्ञान संग्रहालय बघून घेतलं. इमारत कड्यालाच धरून बांधली आहे. खालून पाहताना खडक कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली हे पटकन कळत नाही. १९१० साली ती खुली झाली. ती बांधणारा राजा अल्बर्ट पहिला हा हाडाचा दर्यावर्दी. १८७३ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने दोनशे टनांचं एक शिडाचं जहाज विकत घेतलं आणि त्याला ‘इरोंदेल’, म्हणजे भिंगरी हा पक्षी, असं नाव दिलं. दहा-बारा वर्षं तो त्यातून मौजेखातर हिंडला. मग त्याच जहाजावर थर्मामीटर आले, जाळी आली, खोली मोजायच्या तारा आल्या. पुढे तीस वर्षांत चार नौका आणि २८ मोहिमा झाल्या.

आत फिन व्हेलचा सांगाडा टांगलेला आहे. त्याच्या खाली उभं राहिलं की फासळ्यांच्या फटींतून छत दिसतं. तिथे मी बराच वेळ रेंगाळले. डोक्यात मात्र अल्बर्टची पिंपं होती. गल्फ प्रवाह युरोपच्या किनाऱ्यापर्यंत येतो का, हे शोधायला त्याने १८८५ पासून अटलांटिकमध्ये पिंपं, बाटल्या आणि तांब्याचे गोळे सोडले. एकूण १,६७५. प्रत्येकात चिठ्ठी, की सापडेल त्याने कुठे आणि केव्हा सापडलं ते कळवावं. त्यांतले २२७ परत कळले. पहिल्या महायुद्धानंतर अटलांटिकमध्ये मोकळे सुटलेले पाणसुरुंग कुठे वाहत जातील याचा अंदाज बांधायला हीच माहिती कामी आली. नौका हौसेची होती, चिठ्ठीवरची तारीख आणि जागा मात्र चोख होती. या आठ दिवसांत मला जे शिकायचं होतं ते एवढंच होतं, पण ते तेव्हा कळलं नव्हतं.

याच संग्रहालयाचे संचालक म्हणून सागरसंशोधक झाक कुस्तो यांनी १९५७ ते १९८८ अशी तीसेक वर्षं काम केलं. त्यांची ‘कॅलिप्सो’ म्हणजे मूळची पाणसुरुंग काढणारी युद्धकाळातली बोट. १९५० साली एका धनवंताने ती विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने त्यांना दिली. खासगी पैसा आणि समुद्राचं विज्ञान यांचं नातं इथे जुनं आहे.

कड्याच्या दुसऱ्या अंगाला एरक्यूल बंदर. तिथे उभ्या असलेल्या मोटारयॉट चार-चार मजली. त्यांतल्या बहुतेक बाराच पाहुणे नेतात, कारण बारापेक्षा जास्त प्रवासी झाले की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते प्रवासी जहाज ठरतं आणि सगळे नियम बदलतात. त्यांच्या रांगेच्या टोकाला आमची नौका होती: १५ मीटर लांब, दोन डोलकाठ्या, लाकडी डेक उन्हाने पांढुरका पडलेला. मालक पती-पत्नी दोघंही दर्यावर्दी. पती कप्तान, आणि नोंदवही पत्नीच्या हाती. बरोबर प्लवकांची, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांची, एक संशोधिका, एक तरुण विद्यार्थी आणि मी. समुद्रातले नमुने गोळा करायला निघणाऱ्या या नौकेवर सुट्टीत शिडं ओढायला आणि जाळी धुवायला हात हवे आहेत असं कळलं होतं, म्हणून मी आले.

रात्री झोपायला दिलेल्या बाकाखाली पांढऱ्या डब्यांची रास होती. प्रत्येकावर कोरी चिठ्ठी चिकटवलेली.

दुसरा दिवस : व्हिलफ्रांश

सकाळी निघालो आणि फेरा भूशीर वळसा घालून दुपारच्या आत फ्रान्समधल्या व्हिलफ्रांशच्या उपसागरात शिरलो. अंतर जेमतेम सात-आठ सागरी मैल. एवढ्याशा वाटेतही खोलीदर्शकाचा आकडा वाढत वाढत गेला आणि मग पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा राहिल्या. इथे किनाऱ्याला पायरीच नाही, जमीन सरळ खाली कोसळते. यॉटवरच्या साध्या खोलीदर्शकाचा आवाज दीडशे-दोनशे मीटरपर्यंत तळाला जाऊन परत येतो. त्यापलीकडे तो हरवतो.

कप्तानांनी नकाशाच्या टेबलाखाली काड्यापेटीएवढा एक डबा दाखवला. खोलीदर्शक आणि जीपीएस यांच्या तारा त्यात येतात आणि प्रत्येक क्षणाची जागा व खोली तो लिहून ठेवतो. घरी गेल्यावर ही माहिती जगाच्या समुद्रतळाच्या नकाशाला पाठवायची. या नकाशाची सुरुवात १९०३ साली अल्बर्टच्याच पुढाकाराने झाली. आता २०३० पर्यंत सगळा तळ मोजून काढायचा असा प्रकल्प सुरू आहे. २०१७ मध्ये तो हाती घेतला तेव्हा प्रत्यक्ष मोजलेला तळ सहा टक्क्यांच्या आसपास होता. आज तो चतुर्थांशाच्या थोडा पुढे गेला आहे. खोल समुद्र मोजायला मोठी जहाजंच लागतात, त्याला इलाज नाही. पण उथळ खाड्या, बेटांमधल्या चिंचोळ्या वाटा, जिथे सर्वेक्षण जहाज कधी जात नाही, तिथे यॉट नेहमीच जातात. मी विचारलं, “मग एवढ्या यॉट फिरतात, त्या सगळ्याच का नाही पाठवत?”

“डबा बसवायला अर्धा दिवस लागतो,” कप्तान म्हणाले, “आणि हे मोजायला विसरतात.” त्यांनी हाताने दाखवलं: पाण्याची पातळी ते बोटीच्या पोटातल्या खोलीदर्शकाचं तोंड, हे अंतर. ते कळवलं नाही तर प्रत्येक आकडा तेवढ्याने चुकीचा. आमच्या बोटीसाठी ते ७० सेंटिमीटर आहे. पाण्याच्या टाक्या भरल्या की बोट जरा दबते, म्हणून त्यांच्या पत्नी ते दर महिन्याला पुन्हा मोजतात.

दुपारी सागरी संशोधन केंद्रात नमुन्यांच्या पद्धतीची उजळणी झाली. केंद्रातली एक जुनी इमारत एके काळी रशियन प्राणिशास्त्र केंद्र होती. उपसागराच्या तोंडाशी ८५ मीटर पाण्यात एक ठरलेली जागा आहे. तिथे दर आठवड्याला जाऊन पाणी आणि प्लवक घेतात, कित्येक दशकं. ऊन असो, पाऊस असो, त्याच जागी. नकाशात तो फक्त एक ठिपका आहे. मला तो सगळ्या संग्रहालयापेक्षा मोठा वाटला.

या गावाशी एक दुखरी गोष्टही जोडलेली आहे. तारामाशाच्या अंड्यात शुक्रजंतू शिरताना ज्यांनी पाहिला त्या एर्मान फोल यांनी १८८० पासून इथे काम उभं केलं. स्पंज कुठे कुठे वाढतात हे पाहायला ते मार्च १८९२ मध्ये ‘आस्तेर’ या आपल्या नव्या यॉटमधून निघाले. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एक मुक्काम झाला आणि त्यानंतर बोटीचा, माणसांचा, कशाचाच पत्ता लागला नाही. विद्यार्थ्याने हे सांगितलं तेव्हा डेकवर कोणी काही बोललं नाही. कप्तानांच्या पत्नीने उठून जीवरक्षक जॅकेटांचे पट्टे पुन्हा एकदा तपासले.

संध्याकाळी परवानग्यांवर बोलणं निघालं. यॉट घेऊन दुसऱ्या देशाच्या पाण्यात पोहणं, भटकणं वेगळं आणि बाटली बुडवून वैज्ञानिक नमुना घेणं वेगळं. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराप्रमाणे परक्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात, संशोधन करायचं तर त्या देशाची संमती लागते आणि अर्ज सहा महिने आधी द्यावा लागतो. आमची वाट फ्रान्सच्याच क्षेत्रातून, नौका फ्रेंच, काम फ्रेंच केंद्राचं, म्हणून कागद सोपे. पण पूर्वेला इटलीच्या हद्दीच्या अलीकडेच थांबायचं हे नकाशावर लाल पेन्सिलीने आखलेलं होतं. चांगल्या हेतूने निघालेली कितीतरी माणसं इथेच चुकतात, असं संशोधिका म्हणाली. समुद्राला कुंपण दिसत नाही, आणि ज्यांचं पाणी आहे त्यांना न विचारता घेतलेली माहिती ही उचलेगिरीच. मला हे पटलं.

तिसरा दिवस : खोल पाण्याकडे

पहाटे पाचला नांगर उचलला. कॉर्सिका बेटावरचं काल्वी शंभराच्या आसपास सागरी मैल दूर. वारा मागच्या अंगाचा आणि हलका होता. तासाभरात डोंगर निळे झाले, मग धूसर झाले. मला थोडी बोट लागली. पोटात कालवत होतं, पण क्षितिजाकडे बघत सुकाणू धरून बसले आणि नऊपर्यंत ते आपोआप निवळलं.

दुपारी बाराला शिडं उतरवली आणि पहिलं काम केलं ते सेक्की तबकडीचं. अगदी साधी वस्तू: ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी चकती, खाली वजन, वर खुणांची दोरी. ती पाण्यात सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा वाचायचा. १८६५ साली आंजेलो सेक्की या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या ताफ्यातल्या वाफेच्या नौकेवरून, याच भूमध्य समुद्रात चिविताव्हेक्याजवळ, अशा तबकड्या सोडून पाहिल्या. तेव्हापासून पद्धत जवळजवळ बदललेली नाही. म्हणूनच तिची किंमत आहे. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी ठेवता येतो. पाण्यात सूक्ष्म वनस्पती-प्लवक जितके जास्त, तितकी तबकडी लवकर हरवते.

मी डेकवर पालथी झाले, डोकं कठड्याबाहेर, बोटीच्या सावलीच्या बाजूला. काळा चष्मा काढून ठेवायचा असतो. दोरी सोडायला लागले. पाणी निवळशंख. पाच मीटरवर तबकडी दुधासारखी पांढरी. दहावर तिच्यात हिरवट झाक आली. पंधरावर ती निळी झाली, नाणं पडावं एवढी लहान. मग तिच्या कडा विरघळायला लागल्या. मधला ठिपका आहे की नाही, याची खात्री होईना. डोळ्यांवर ताण देऊन बघत राहिले. आहे, आहे, आणि मग नुसतं निळं. १९ मीटर ४० सेंटिमीटर. दोरी हळूहळू वर ओढली, तर १९ मीटरवर पुन्हा एक फिकट डाग उमटला. दोन्हींची सरासरी लिहायची. शेजारी विद्यार्थी तोच प्रयोग स्वतंत्रपणे करत होता. आकडे एकमेकांना सांगायचे नाहीत असा नियम. त्याचा १९ मीटर आला. नोंदवहीत दोन्ही लिहिले गेले, आणि जागतिक प्रमाणवेळ, ढग किती, लाटा किती, दोरी सरळ होती की तिरकी, हेही.

मग मँटा जाळं काढलं. हे पृष्ठभागावरून ओढायचं जाळं, तोंडाशी दोन पंख असल्यामुळे मँटा माशासारखं दिसतं. जाळीची भोकं मिलिमीटरच्या एक तृतीयांश. बोटीच्या मागे जे पाणी ढवळलं जातं त्यात ते ओढून चालत नाही, म्हणून शिडाचा खांब आडवा बाहेर काढून त्याच्या टोकाला बांधलं. वेग दोन-अडीच नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, तीस मिनिटं. जाळ्याच्या तोंडात एक छोटा पंखा असतो. आत किती पाणी शिरलं ते त्याच्या फेऱ्यांवरून कळतं.

पहिल्या ओढणीत चूक माझ्या हातून झाली. जाळं पाण्यात टाकण्याआधी पंख्याचा आकडा लिहायचा होता, तो मी लिहिला नाही. तीस मिनिटांनंतर जाळं वर आलं तेव्हा शेवटचा आकडा होता, सुरुवातीचा नव्हता. माझ्या पोटात खड्डा पडला. संशोधिका रागावली नाही. जीपीएसवरून ओढलेलं अंतर काढता येतं, त्यावरून पाण्याचा अंदाजही बांधता येतो, पण तो अंदाजच. तिने नमुना फेकला नाही. डब्यावर लिहिलं, ‘आरंभीचा आकडा नाही, अंतरावरून अंदाज’. आणि आम्ही पुन्हा तीस मिनिटं ओढलं. “चुकलेला नमुना चालतो,” ती म्हणाली, “चूक लपवलेला नमुना नाही चालत.”

जाळं बाहेरून धुवायचं, म्हणजे धुण्याच्या पाण्यातून नवीन काही आत जात नाही. गाळणीत उरलं ते एका मुठीत मावेल एवढं: कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांचे राखाडी गोळे, माशांची काचेसारखी अंडी, वेलेला या पाण्यावर तरंगणाऱ्या निळ्या जीवाची दोन सुकलेली पारदर्शक शिडं, आणि त्यात मिसळलेलं आपलं जग. पिवळ्या पिशवीचा तुकडा, एक पांढरा मणी, दोरीचे हिरवे धागे. १९९७ साली चार्ल्स मूर शर्यत संपवून हवाईहून आपली यॉट घरी नेत होते तेव्हा पॅसिफिकच्या मध्यावर त्यांना दिवसेंदिवस प्लास्टिक दिसत राहिलं. तिथून या कामाला मोठी चालना मिळाली. संशोधनाचं जहाज त्या ओसाड, वाऱ्याविना पट्ट्यात सहसा जात नसे. यॉट गेली.

काम करताना सगळ्यांच्या अंगात सुती कपडे. लोकरीसारखी दिसणारी उबदार जॅकेटं केबिनमध्ये कोंडलेली, कारण त्यांचे धागे प्लास्टिकचे. नमुना हाताळताना शेजारी एक उघडी ओली गाळणी ठेवलेली असते, हवेतून आमचेच किती धागे पडले ते मोजायला.

चौथा दिवस : मधोमध

रात्री वारा पडला आणि आम्ही जवळजवळ जागच्या जागी डोलत राहिलो. माझा पहारा तीन ते सहा. उजाडता उजाडता आवाज आला. आधी वाटलं कुठला तरी झडपेचा फुस्कारा. मग उजव्या बाजूला, चार-पाचशे मीटरवर, उन्हात उभा धुक्याचा खांब दिसला.

मी कप्तानांना हाक मारली. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. इथे व्हेलच्या शंभर मीटरच्या आत जायचं नाही, आणि ती स्वतःहून आली तर हलायचं नाही. फिन व्हेल होती. पाठ संपता संपत नव्हती, आणि मग बऱ्याच मागे छोटा वाकडा पर. एकदा ती आमच्याकडे उजवी बाजू करून वळली आणि खालचा जबडा पांढरा दिसला. डावा मात्र काळा असतो, तो या जातीचा खुणेचा रंग. तीन दिवसांपूर्वी तिच्याच जातीच्या फासळ्यांखाली मी उभी होते. त्या फासळ्यांच्या आत आता श्वास होता. पाच वेळा वर आली, मग पाठीची कमान करून गेली. आठ मिनिटांनी पुन्हा दिसली, दूर. या पाण्यात ती क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जीवांसाठी येते. फ्रान्स, इटली आणि मोनाको यांनी मिळून १९९९ साली ज्याचा करार केला त्या पेलागोस अभयारण्याच्या मधोमध आम्ही होतो. क्षेत्र सुमारे ८७,५०० चौरस किलोमीटर. अभयारण्य असलं तरी त्यातून मालवाहू जहाजं आणि फेरीबोटी जातातच, आणि जहाजाच्या धडकेने व्हेल मरतात. हे ठाऊक असताना तिच्याकडे नुसतं आनंदाने बघता येत नाही.

मी नोंद लिहायला घेतली. तेव्हा कप्तानांच्या पत्नीने मागची पानं उलटून दाखवली. काल दिवसभर दर तासाला एक ओळ: टेहळणी केली, काही दिसलं नाही. टेहळणी केली, काही दिसलं नाही. अकरा ओळी. मला आधी ते फुकटचं वाटलं होतं. पण फक्त दिसलेल्या व्हेल लिहिल्या तर ती दुर्मीळ आहे की बघणारे दुर्मीळ आहेत हे कसं कळणार? त्या अकरा ओळींमुळे माझ्या एका ओळीला वजन आलं.

दुपारी दुसरं स्टेशन, म्हणजे नमुने घ्यायची जागा. नकाशाप्रमाणे खाली दोन हजार मीटरहून जास्त पाणी. सेक्की २२ मीटर. जाळ्याच्या गाळणीत यावेळी प्लास्टिक कमी, पण विद्यार्थ्याने भिंगातून पाहता पाहता मला जवळ बोलावलं. पांढऱ्या बशीत लाल कण. बारीक, चपटे, एका बाजूने खरखरीत. मोजले तर सतरा निघाले. मी म्हटलं, प्लास्टिक? त्याने मान हलवली आणि औषधाच्या बाटलीएवढी एक कुपी उघडली. तिच्यात निघण्याआधी बोटीच्या पोटावरून खरवडलेला रंग होता. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून बोटीच्या तळाला तांबंयुक्त रंग देतात, तो. दोन्ही बशीत शेजारी ठेवले. तोच लाल, तीच खरखर.

समुद्र मोजायला निघालेली बोट समुद्रात आपला रंग सांडत होती. कप्तान खाली वाकून खूप वेळ बशीकडे बघत राहिले. अशा कणांसाठी नोंदवहीत वेगळा रकाना असतो: ‘स्वतःच्या बोटीचे’. सतराही कण त्यात गेले. ही कुपी नसती तर ते समुद्राच्या खात्यावर चढले असते.

संध्याकाळी कॉर्सिकाचे डोंगर वर आले. अंधार पडायच्या आत काल्वीच्या उपसागरात तरंगत्या पिंपाला दोर बांधला.

पाचवा दिवस : काल्वी

उपसागरात शिरताना खोलीदर्शकाला तळ पुन्हा सापडला आणि काड्यापेटीएवढा डबा पुन्हा लिहायला लागला. सकाळी पश्चिमेच्या रेव्हलाता टोकाकडे गेलो. तिथे बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचं सागरी केंद्र आहे, अगदी पाण्याच्या काठावर.

इथलं पोसिडोनिया मला बघायचं होतं. हे शेवाळ नाही, फुलं येणारी वनस्पती आहे, आणि इथली जात फक्त भूमध्य समुद्रात वाढते. मास्क लावून पाण्यात उतरले. चार-पाच मीटर खाली हिरव्या पट्ट्यांसारखी पानं लाटेबरोबर सगळी एकाच दिशेला झुकत होती, मग सगळी परत. त्यांच्यामधून लहान काळे मासे. आणि मग मधेच पांढरा वाळूचा चर, दोन हात रुंद, कमानीसारखा वळलेला. कडेला उपटलेल्या मुळांच्या तपकिरी गाठी. नांगराची साखळी वाऱ्याबरोबर फिरते तेव्हा ती असं कापत जाते. या वनस्पतीचं खोड वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं. तो चर भरायला एक माणूस म्हातारा होईल.

२०१९ नंतर फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर २४ मीटर आणि त्याहून लांब नौकांना या कुरणांवर नांगर टाकायला बंदी आली. आमची १५ मीटरची, तिला नियम लागू नाही, तरी आम्ही पिंपालाच बांधलं. पिंप न मिळालं तर पांढरी वाळू दिसेल तिथेच नांगर. पाणी इतकं स्वच्छ असताना नजर टाकून खात्री करायला दोन मिनिटं लागतात. ती न देणाऱ्यांचा मला राग येतो, मग त्यांच्या बोटीवर कितीही महागडी उपकरणं असोत.

सहावा दिवस : काल्वी

नैर्ऋत्येचा जोराचा वारा. बंदरातच अडकलो. दिवसभर चिठ्ठ्या तपासल्या, दोर वाळवले.

गप्पांत ‘तारा’ ही शिडाची नौका निघाली. ३६ मीटरची, अॅल्युमिनियमची. १९८९ साली ध्रुवीय मोहिमांसाठी बांधलेली, मग न्यूझीलंडचे दर्यावर्दी पीटर ब्लेक यांच्याकडे गेली. २००१ मध्ये अॅमेझॉनवर तिच्यावरच चोरट्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. २००३ पासून ती विज्ञानाला वाहिलेली आहे. २००९ ते २०१३ या काळात तिने प्लवकांचे सुमारे ३५,००० नमुने गोळा केले आणि २०१५ मध्ये त्यांतून चार कोटी जनुकांची सूची पुढे आली. संशोधिका म्हणाली, ‘तारा’चं मोठेपण बोटीत नाही, प्रत्येक स्टेशनवर तीच पद्धत, तीच जाळी, तेच डबे, यात आहे. ती सूची कुणालाही उघडून बघता येते, हेही मला तितकंच मोठं वाटतं. मोठ्या धनवंतांच्या खासगी नौकांनी खोल समुद्रात कौतुकास्पद कामं केली आहेत. पॉल अॅलन यांच्या ‘पेट्रेल’ने २०१७ मध्ये साडेपाच हजार मीटर खाली ‘इंडियानापोलिस’ ही युद्धनौका शोधली. पण अशा नौकांना जाळायला डिझेल किती लागतं हेही त्याच दमात बोललं गेलं पाहिजे, असं कप्तानांचं म्हणणं, आणि माझंही.

सातवा दिवस : परतीची रात्र

दुपारी वारा उतरला, निघालो. अमावास्या जवळ होती. अंधार पडल्यावर बोटीच्या मागे हिरवट उजेडाची रेघ उमटली, सुकाणूजवळ ठिणग्या. रात्री अकराला प्लवकांचं जाळं सरळ खाली सोडलं, ५० मीटर, आणि हळू वर ओढलं. दिवसा याच पाण्यात जे सापडलं होतं त्याच्या कितीतरी पट जीव आले. दिवसा खोल काळोखात लपणारे असंख्य प्राणी रात्री खायला वर येतात आणि पहाटे पुन्हा उतरतात. रोज, सगळ्या समुद्रांत. वजनाने पाहिलं तर प्राण्यांचं जगातलं सर्वात मोठं स्थलांतर हेच मानतात. आम्ही त्यावर तरंगत होतो.

टॉर्चच्या उजेडात जांभळे जेलीफिशही वर आलेले, पेलाजिया. विद्यार्थ्याच्या मनगटाला एकाची दोरी चाटून गेली आणि लाल वळ उठला. समुद्राच्या पाण्याने धुऊन, न चोळता, काटे काढले. त्यावरून संशोधिकेने १९०१ ची गोष्ट सांगितली. अल्बर्टच्या ‘प्रँसेस अॅलिस’वर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघं होते. राजाने त्यांना सुचवलं, पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर या जेलीफिशसारख्या जीवाच्या विषाकडे बघा. ते काम पुढे जमिनीवर समुद्रफुलांच्या विषावर चालू राहिलं आणि त्यातून अॅनाफिलॅक्सिसचा शोध लागला: पहिल्या अल्प मात्रेने शरीर बळकट होण्याऐवजी इतकं संवेदनशील होतं की दुसरी अल्प मात्राही जीव घेऊ शकते. रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. शेंगदाण्याच्या किंवा मधमाशीच्या अॅलर्जीने जीव जाऊ शकतो हे आज घराघरांत माहीत आहे, त्याचा एक धागा एका यॉटच्या डेकवर जाऊन पोचतो. विद्यार्थ्याला आधी कधी डंख झाला होता का, हे तिने लगेच विचारलं आणि पुढचा तासभर त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवलं. त्याला काही झालं नाही.

आठवा दिवस : व्हिलफ्रांश

दुपारी धक्क्याला लागलो. केंद्राचा माणूस हातगाडी घेऊन आला. ४१ डबे, एकेक करून. प्रत्येक डब्याची चिठ्ठी आणि नोंदवहीतली ओळ जुळवूनच तो पुढचा घेत होता. माझ्या त्या पहिल्या ओढणीच्या डब्यापाशी तो थांबला, ‘आरंभीचा आकडा नाही’ हे वाचलं, मान डोलावली आणि वेगळ्या खोक्यात ठेवला.

सगळ्यात शेवटी लाल रंगाची कुपी. तिच्यावर चिठ्ठीच नव्हती, सगळ्यांना ती तोंडपाठ होती म्हणून राहून गेली होती. कप्तानांच्या पत्नीने पेन माझ्याकडे दिलं. मी बोटीचं नाव लिहिलं, खरवडल्याची तारीख, बाजू डावी, पाण्याच्या रेषेखाली ३० सेंटिमीटर. शाई वाळेपर्यंत कुपी हातात धरून ठेवली, मग खोक्यात ठेवली.

कप्तान तोवर धक्क्यावर पालथे झोपून बोटीच्या पोटाकडे बघत होते. नाळेजवळ तळहाताएवढा भाग रंग उडून उघडा पडला होता. हिवाळ्यात बोट वर काढतील तेव्हा सगळा जुना रंग उतरवून नव्याने, तांबं नसलेला देऊन बघायचं असं त्यांनी ठरवलं, आणि नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तसं लिहून त्याखाली त्या दिवसाची वेळ घातली, जागतिक प्रमाणवेळेत.